उद्दीपक-समतुल्यता: शिकवण्याची आणि चाचणीची मांडणी बदलली की निकाल का बदलतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, विशेष शिक्षक आणि वर्तन-विश्लेषणाकडे नव्याने वळलेले पालक यांच्याकडून या विषयावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच काळजी असते: "मी शिकवलं, मुलाने शिकून दाखवलं, मग पुढचं आपोआप का आलं नाही?" त्यामुळे उत्तरांचा भरही तिथेच आहे.

उद्दीपक-समतुल्यता म्हणजे नेमकं काय?

एका मुलाला "पाच" हा शब्द ऐकून पाच ठिपक्यांचं कार्ड उचलायला शिकवलं. नंतर "पाच" ऐकून ५ हा आकडा उचलायला शिकवलं. ठिपके आणि आकडा यांची थेट जोडी कधीच शिकवली नाही. तरीही ठिपक्यांचं कार्ड समोर ठेवल्यावर मूल ५ उचलतं आणि ५ दाखवल्यावर ठिपके उचलतं. तीन गोष्टी (म्हणजे उद्दीपकं, ज्यांना आपण प्रतिसाद देतो) एकमेकींच्या जागी चालू लागल्या, म्हणजे त्यांचा एक समतुल्य गट तयार झाला. न शिकवलेले संबंध असे उगवून येणं हाच या विषयाचा गाभा आहे.

याची सुरुवात मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांच्या १९७१ च्या अभ्यासापासून मानली जाते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेला १७ वर्षांचा एक मुलगा त्यात होता. त्याला २० शब्द ऐकून त्यांची चित्रं ओळखता येत होती आणि चित्रांची नावंही सांगता येत होती, पण छापील शब्द त्याच्यासाठी निरर्थक होते. सिडमन यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली: ऐकलेल्या शब्दासाठी छापील शब्द निवडणं. त्यानंतर तो छापील शब्द आणि चित्रं यांच्या जोड्या दोन्ही दिशांनी लावू लागला आणि ते शब्द मोठ्याने वाचूही लागला. दोन वर्षांनी डाउन सिंड्रोम असलेल्या दोन मुलांबरोबरही असाच निकाल आला.

परावर्तिता, सममिती, संक्रामकता हे शब्द गणितातले आहेत. इथे त्यांचं काय काम?

सिडमन आणि टेलबी यांनी १९८२ मध्ये व्याख्या घट्ट केली, ती गणितातल्या समतुल्यतेच्या आधाराने. परावर्तिता म्हणजे अ ला अ शीच जुळवणं. सममिती म्हणजे अ वरून ब शिकवलं की ब वरून अ येणं. संक्रामकता म्हणजे अ वरून ब आणि ब वरून क शिकवलं की अ वरून क येणं. क वरून अ येण्यासाठी सममिती आणि संक्रामकता दोन्ही लागतात, म्हणून बऱ्याच अभ्यासांत त्या फेरीलाच समतुल्यतेची चाचणी म्हणतात.

हिशेब केला तर यातली ताकद लक्षात येते. पाच सदस्यांच्या एका गटात (अ, ब, क, ड, इ) चार संबंध शिकवावे लागतात आणि १६ न शिकवता मिळू शकतात. सहा सदस्य असतील तर पाच शिकवून २५ मिळतात. ज्या मुलाला एकेक गोष्ट शिकवायला आठवडे लागतात, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

प्रयोगात प्रत्यक्ष काय करतात?

पद्धतीचं नाव मॅचिंग टू सॅम्पल, म्हणजे नमुन्याशी जुळवणी. आधी नमुना दिसतो किंवा ऐकू येतो. मग दोन, तीन किंवा जास्त पर्याय समोर येतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. शिकवताना बरोबर-चूक लगेच कळवतात, चाचणीत कळवत नाहीत. नमुना अ१ असेल तर ब१, अ२ असेल तर ब२, अशी निवड नमुन्यावर अवलंबून असते. अक्षरामागचा आकडा गट सांगतो आणि अक्षर सदस्य सांगतं.

संशोधनात बहुधा अनोळखी आकृत्या किंवा परक्या लिपीतली चिन्हं वापरतात, कारण आधीच्या ओळखीचा परिणाम टाळायचा असतो. (ओळखीच्या गोष्टी वापरल्या तर काय होतं, ते पुढे येईलच.)

शिकवलेल्या सगळ्या जोड्या पक्क्या आहेत, तरी चाचणीत समतुल्यता दिसत नाही. दोष शिकणाऱ्याचा का?

बहुतेक वेळा असा निष्कर्ष काढायला आधार नसतो. इथे एक प्रयोग तपशिलात सांगतो. तो माझ्या मते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

२०१२ मध्ये लॅनी फील्ड्स, एरिक आर्न्टझेन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयातल्या ३० विद्यार्थ्यांना पाच-पाच सदस्यांचे तीन गट शिकवले. अ-ब, ब-क, क-ड, ड-इ अशी साखळी होती, आणि सगळं शिकवून झाल्यावर सगळ्या न शिकवलेल्या संबंधांची एकदम चाचणी होती. दहा जणांच्या एका तुकडीत सगळी चिन्हं निरर्थक आकृत्या होत्या. त्यातल्या एकालाही गट जमले नाहीत. दुसऱ्या तुकडीत फक्त मधलं क हे ओळखीचं चित्र होतं, बाकी सगळं तेच. दहापैकी आठ जणांना गट जमले. तिसऱ्या तुकडीत क सुद्धा निरर्थक आकृतीच होती, पण मुख्य प्रशिक्षणाआधी त्या आकृत्यांना वेगवेगळे प्रतिसाद द्यायला शिकवलं होतं. तिथे दहापैकी पाच जणांना जमलं.

पहिल्या तुकडीतले दहा जण काही कमी बुद्धीचे नव्हते. तेही महाविद्यालयातलेच विद्यार्थी होते आणि शिकवलेल्या जोड्या त्यांनीही पक्क्या केल्या होत्या. मांडणीतली एक गोष्ट बदलल्यावर निकाल शून्यावरून आठवर जात असेल, तर एखाद्या मुलाच्या अहवालात "समतुल्यता निर्माण करण्याची क्षमता नाही" असं लिहिण्यापूर्वी शंभर वेळा थांबायला हवं. असे अहवाल वाचले की मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्यावर मुलाच्या पुढच्या अभ्यासक्रमाची उंची ठरवली जाते.

प्रशिक्षणाच्या तीन रचना कोणत्या? त्यांत फरक का पडतो?

तीन सदस्यांचा गट घेऊ. शिकवण्याचे तीन मार्ग आहेत.

सरळ साखळी: अ वरून ब, मग ब वरून क.

एकावरून अनेक: अ वरून ब आणि अ वरूनच क. अ नेहमी नमुना असतो.

अनेकांवरून एक: ब वरून अ आणि क वरूनही अ. अ नेहमी पर्यायांमध्ये असतो.

तिन्हींत शिकवलेल्या जोड्यांची संख्या सारखीच, आणि शेवटी अपेक्षित असलेला गटही तोच. तरीही निकाल सारखे येत नाहीत.

यावर सर्वांत नेमकं विश्लेषण रिचर्ड सॉन्डर्स आणि जिना ग्रीन यांनी १९९९ मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक जुळवणीच्या पोटात साधे भेद ओळखणं दडलेलं असतं. पर्याय शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून त्यांच्यातला फरक एकाच वेळी पाहता येतो. नमुने एकापाठोपाठ एक येतात, म्हणून त्यांच्यातला फरक आठवणीच्या आधाराने ओळखावा लागतो, आणि हे जास्त कठीण असतं. तीन गटांच्या नऊ चिन्हांत आपसातल्या जोड्या ३६ होतात. चाचणी नीट पार पडायची तर या भेदांची तयारी आधीच झालेली असावी लागते. अनेकांवरून एक या रचनेत ती प्रशिक्षणातच होते. ब आणि क दोन्ही नमुने म्हणून येतात, तेव्हा ब१ आला की अ१ आणि क२ आला की अ२, अशा निवडीतून ब१ आणि क२ यांच्यातला फरकही पक्का होतो. एकावरून अनेक या रचनेत ब आणि क फक्त पर्याय असतात, ब ची तिन्ही चिन्हं एकत्र आणि क ची तिन्ही एकत्र. ब१ आणि क२ यांचा सामना प्रशिक्षणात होतच नाही. शिवाय चाचणीत ब पहिल्यांदाच नमुना म्हणून समोर येतो. सरळ साखळीतही काही भेद असेच शिकवायचे राहून जातात.

मग अनेकांवरून एक हीच रचना सर्वांत चांगली, असं म्हणायचं का?

इतकं सरळ नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींबरोबर १९८० च्या दशकात स्प्रॅडलिन, सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात ही रचना वरचढ ठरली. याउलट नॉर्वेत आर्न्टझेन आणि पेर होल्थ यांच्या १९९७ च्या अभ्यासात एकावरून अनेक या रचनेचा निकाल उजवा आला. पुढच्या काही अभ्यासांत या दोघींत फारसा फरकच दिसला नाही. एका बाबतीत मात्र बऱ्यापैकी एकमत आहे: सरळ साखळीचा निकाल सहसा सर्वांत कमी असतो.

माझा सल्ला विचाराल तर, बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा नमुन्यांतला फरक ओळखायला अडखळणाऱ्या मुलासाठी अनेकांवरून एक या रचनेने सुरुवात करा. संशोधनात दुसऱ्या एखाद्या घटकाचा परिणाम मोजायचा असेल, तर सरळ साखळी मुद्दाम निवडतात. तिच्यात मुळातला निकाल कमी असल्याने सुधारणा दिसायला जागा राहते. वरच्या २०१२ च्या प्रयोगात साखळीच का होती, हे आता लक्षात येईल.

"नोड" आणि "नोडल अंतर" म्हणजे काय?

ज्या चिन्हाला प्रशिक्षणात दोन किंवा अधिक चिन्हं जोडलेली असतात, ते चिन्ह नोड, म्हणजे दुवा. अ-ब-क-ड-इ या साखळीत ब, क, ड हे तीन नोड आहेत. अ आणि क यांच्यामध्ये एक नोड आहे, अ आणि इ यांच्यामध्ये तीन. फील्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मधले नोड वाढले की संबंध उशिरा उगवतात किंवा कमजोर असतात. बरोबर उत्तर द्यायला लागणारा वेळही अंतराबरोबर वाढताना दिसला आहे. गट एकदा पक्का झाल्यावरही हे अंतर उरतं की पुसलं जातं, यावर संशोधकांचं आजही एकमत नाही. सिडमन स्वतः गटातले सगळे सदस्य परस्परांच्या जागी चालतात असं मानत.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे. लांब साखळ्या टाळा, एका ओळखीच्या मध्यवर्ती गोष्टीभोवती बाकीच्या जोडा.

दोन पर्याय ठेवले तर मुलाला सोपं जातं. काय बिघडतं?

बरंच बिघडतं. सिडमन यांनी १९८७ मध्ये याच विषयावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकाचा आशयच "दोन पर्याय पुरेसे नाहीत" असा होता.

पहिली अडचण योगायोगाची. दोन पर्यायांत डोळे मिटून निवडलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. नमुना अ१ आणि पर्याय ब१, ब२ असतील, तर मूल "अ१ असेल तर ब१ घ्यायचा" असं शिकू शकतं, किंवा "अ१ असेल तर ब२ टाळायचा" असंही शिकू शकतं. दोन्हींत हात ब१ वरच जातो आणि गुण १०० टक्के मिळतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

चाचणीत मात्र फरक उघडा पडतो. कॅरिगन आणि सिडमन यांनी १९९२ मध्ये हे तर्काने उलगडून दाखवलं. टाळण्यावर चालणाऱ्या शिकणाऱ्याचं परावर्तितेच्या आणि एक नोड असलेल्या संक्रामकतेच्या चाचणीत अपेक्षेच्या नेमकं उलट उत्तर येतं, पण सममितीत बरोबर येतं. म्हणजे एखादं मूल सममितीत शंभर टक्के आणि संक्रामकतेत शून्याजवळ असेल, तर ते गोंधळलेलं नाही. ते अत्यंत सुसंगतपणे वेगळंच काहीतरी शिकलं आहे. शून्य टक्के हा गुण अंदाजाने येत नाही.

उपाय: किमान तीन पर्याय ठेवा. मुलाला तीन झेपत नसतील, तर अधूनमधून चुकीच्या पर्यायाच्या जागी नवीनच चिन्ह ठेवून पाहा. मूल तरीही बरोबर पर्याय उचलत असेल, तर ते निवडीवर चाललं आहे. बरोबर उत्तराची जागाही सतत बदलती ठेवा. "डावीकडचं घ्यायचं" हे मुलं पटकन उचलतात.

आधी सगळं शिकवून मग चाचणी घ्यावी, की टप्प्याटप्प्याने?

तीन क्रम प्रचलित आहेत. साध्याकडून अवघडाकडे: अ-ब शिकवा, लगेच सममिती तपासा, ब-क शिकवा, त्याची सममिती तपासा, मग संक्रामकता, शेवटी समतुल्यता. अवघडाकडून साध्याकडे: सगळं शिकवून आधी समतुल्यता तपासा, मग मागे या. आणि एकत्रित: सगळं शिकवा, मग सगळ्या चाचण्या मिसळून द्या.

साध्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या क्रमात बहुतेकांना गट जमतात आणि माणसामाणसांतला फरक कमी होतो, हे अॅडम्स, फील्ड्स आणि व्हरहेव यांच्या १९९३ च्या कामातून दिसलं. एकत्रित क्रम सर्वांत कठीण. म्हणून वर्गात किंवा थेरपीत मी नेहमी पहिला क्रम सुचवतो. प्रबंधासाठी मोजमाप करत असाल तर उद्देश पाहून ठरवा, पण एका क्रमाने आलेल्या निकालाची तुलना दुसऱ्या क्रमाच्या निकालाशी करू नका.

चिन्हं ओळखीची असतील तर मदत होते, की अडथळा?

दोन्ही. मदत कशी होते ते वर आलं. ओळखीच्या चित्राला आधीपासूनच नाव, आठवणी, उपयोग जोडलेले असतात, आणि नवीन आकृत्या त्या जुन्या जाळ्यात जाऊन बसतात. संशोधकांनी स्वतःच नोंदवलं आहे की अशा वेळी पूर्णपणे नवा गट तयार होण्याऐवजी जुन्याच गटाचा विस्तार होत असावा.

अडथळ्याचं उदाहरण उत्तर आयर्लंडमधलं आहे. तिथे आडनावावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ओळखण्याची सवय समाजात खोलवर रुजलेली होती. वॉट, कीनन, बार्न्स आणि केर्न्स यांनी १९९१ मध्ये कॅथलिक आडनावांना निरर्थक शब्द जोडायला शिकवले आणि त्या शब्दांना प्रोटेस्टंट चिन्हं जोडायला शिकवली. प्रशिक्षणानुसार चिन्हावरून कॅथलिक आडनाव निवडलं जायला हवं होतं. इंग्लंडमधल्या सहभागींच्या तुलनेत उत्तर आयर्लंडमधले बरेच सहभागी तिथे अडखळले. समोर प्रोटेस्टंट आडनाव दिसलं की ते त्याकडे वळले. शिकवलेल्या जोड्या त्यांना येत होत्या, पण आयुष्यभराचं शिक्षण प्रयोगातल्या थोड्या वेळाच्या शिक्षणावर भारी पडलं.

आपल्याकडे आडनावावरून जात ताडणाऱ्या समाजात असा प्रयोग काय दाखवेल, हा प्रश्न एखाद्या मराठी संशोधकाने गांभीर्याने हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नमुना समोर ठेवावा, की दाखवून काढून घ्यावा?

नमुना दिसत असतानाच पर्याय येणं ही एकाच वेळची जुळवणी. नमुना गेल्यावर काही क्षणांनी पर्याय येणं ही विलंबित जुळवणी. प्रौढांबरोबर विलंबाने निकाल बिघडेल असं वाटतं, पण आर्न्टझेन यांच्या २००६ च्या प्रयोगांत काही सेकंदांच्या विलंबाने समतुल्यतेची शक्यता वाढलेली दिसली. ब्राझीलच्या साओ कार्लोस विद्यापीठातले बोर्तोलोटी आणि डी रोझ यांनी राग-आनंद दाखवणारे चेहरे निरर्थक आकृत्यांशी जोडले. विलंबित जुळवणीने शिकवलं तेव्हा त्या भावनांचा रंग आकृत्यांवर जास्त गडद उतरला. मधल्या रिकाम्या वेळात माणूस नमुना मनात धरून ठेवतो, बहुधा त्याला नाव देतो, आणि त्याचा फायदा होत असावा.

लहान किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर मात्र आधी एकाच वेळची जुळवणी पक्की करा आणि मग विलंब हळूहळू वाढवा.

चाचणीत "शाबास" म्हणायचं नाही, तर मूल गोंधळतं. काय करावं?

गोंधळणारच. आतापर्यंत प्रत्येक उत्तरावर शाबासकी होती, ती अचानक थांबली तर मुलाला आपण चुकतोय असं वाटतं आणि ते बरोबर उत्तरं बदलायला लागतं. हे टाळण्यासाठी प्रशिक्षणाच्या शेवटी फीडबॅक पायरीपायरीने कमी करतात: आधी सगळ्या फेऱ्यांवर, मग साधारण ७५ टक्के, ५० टक्के, २५ टक्के आणि शेवटी एकही नाही. प्रत्येक पायरीवर गुण टिकले तरच पुढे जायचं. मोठ्यांना आधी सांगून ठेवतात की पुढे काही वेळ बरोबर-चूक कळणार नाही.

चाचणीच्या संचात शिकवलेल्या जोड्यांच्या फेऱ्याही मिसळाव्यात. त्या ढासळल्या असतील, तर न शिकवलेल्या संबंधांचे गुण वाचण्यात अर्थच नाही.

पहिल्या चाचणीत नापास आणि तिसऱ्या चाचणीत पास. हा निकाल ग्राह्य धरायचा का?

हो. याला विलंबित उगम म्हणतात आणि तो वारंवार दिसतो. फीडबॅक नसतानाही चाचणीच्या फेऱ्यांमधून चिन्हं नव्या भूमिकांत समोर येतात, आणि जुळणी हळूहळू एकाच दिशेने स्थिरावते. दोन-चार फेऱ्यांची चाचणी घेऊन निकाल देणं म्हणूनच अन्यायाचं आहे. सममितीची चाचणी आधी घेऊन मग समतुल्यतेची पुन्हा घेतली, की अनेकदा अडलेला गट पुढे सरकतो.

यासाठी भाषा यावी लागते का? प्राण्यांना जमतं का?

देव्हनी, हेज आणि नेल्सन यांनी १९८६ मध्ये १२ लहान मुलांचे तीन गट तपासले. सर्वसाधारण विकास असलेल्या आणि बौद्धिक अक्षमता असूनही भाषा असलेल्या मुलांना समतुल्यता जमली, भाषा नसलेल्या मुलांना जमली नाही. त्यावरून भाषा हवीच असा सूर लागला. वेल्समधल्या हॉर्न आणि लो यांनी नाव देण्याच्या क्रियेलाच मूळ मानलं. हेज यांच्या रिलेशनल फ्रेम सिद्धांताने संबंध लावणं हेच अनेक उदाहरणांतून शिकलेलं वर्तन मानलं. सिडमन यांच्या मते समतुल्यता थेट प्रबलनातूनच, म्हणजे बरोबर उत्तराला मिळणाऱ्या शाबासकी-बक्षिसातूनच येते. पण २००० मध्ये कार आणि सहकाऱ्यांनी अगदी तुटपुंजी भाषा असलेल्या व्यक्तींमध्येही समतुल्यता दाखवली, तेव्हा "भाषा नाही म्हणून प्रयत्नच नको" हा युक्तिवाद टिकत नाही.

प्राण्यांत सिडमन यांना रीसस माकडं आणि बबून यांच्यात सममिती मिळाली नाही. कॅलिफोर्नियातली रिओ नावाची सी लायन मात्र शुस्टरमन आणि कास्टाक यांच्या १९९३ च्या अभ्यासात यशस्वी ठरली. तिला ३० पैकी १२ गटांवर सममिती आणि संक्रामकतेचा सराव दिला होता, आणि उरलेल्या १८ गटांवर चाचणी घेतली होती. इथेही फरक पाडला तो प्रशिक्षणाने.

मराठी वाचन शिकवताना हे कसं वापरू?

मुलाला येणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करा. शब्द ऐकून चित्र ओळखता येत असेल, तर शब्द ऐकून छापील शब्द निवडायला शिकवा, आणि छापील शब्द ते चित्र ही जोडी मुद्दाम न शिकवता तपासा. एका वेळी तीनच शब्द घ्या.

शब्द निवडताना देवनागरीकडे नीट पाहा. कमळ, बस, टोपी असे तीन शब्द ठेवले, तर मूल लांबीवरून किंवा वेलांटीवरून निवडेल आणि शब्द वाचतंय असा आपला समज होईल. सुरुवातीला असे ठळक वेगळे शब्द चालतील, पण नंतर घर, घन, घट असे एका अक्षराने वेगळे होणारे शब्द एकाच फेरीत आणावेच लागतात. तसं केलं नाही तर मूल नव्या शब्दापाशी थांबतं. कमळ आणि बस ओळखणारं मूल कमळातला क, म आणि बसमधला स घेऊन नवीन शब्द आपोआप वाचेलच असं नाही. त्यासाठी अक्षरं आणि स्वरचिन्हं उलटसुलट जुळवण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो. ब्राझीलमध्ये डी रोझ, डी सूझा आणि सहकाऱ्यांनी वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी पोर्तुगीजमध्ये असेच कार्यक्रम उभे केले आहेत, आणि त्यात शब्दांच्या जुळवणीबरोबर तुकडे जोडून शब्द बनवण्याचं कामही असतं.

संगणकाशिवाय, कमी वेळात तपासायचा काही मार्ग?

कार्डं वेगळी करायला द्या. सगळी कार्डं मिसळून टेबलावर ठेवा आणि "जी एकत्र जातात ती एकत्र ठेव" एवढंच सांगा. आर्न्टझेन, फील्ड्स आणि इतरांनी ही वर्गीकरण-चाचणी जुळवणीच्या चाचणीबरोबर वापरली आहे आणि दोन्हींचे निकाल बऱ्याचदा मिळतेजुळते येतात. मात्र वर्गीकरणात सममिती आणि संक्रामकता वेगवेगळ्या दिसत नाहीत.

समतुल्यता दिसली नाही, तर अहवालात काय लिहू?

आधी क्रमाने तपासा. शिकवलेल्या जोड्या फीडबॅकशिवाय टिकल्या आहेत का? पर्याय किती होते? सममिती वेगळी तपासली का? चूक विखुरलेली आहे, की एकाच दिशेने सातत्याने होते आहे? चाचणी पुन्हा घेतली का? रचना बदलून पाहिली का?

मग अहवालात प्रशिक्षणाची रचना, पर्यायांची संख्या, प्रभुत्वाचा निकष (किती बरोबर आलं की जोडी पक्की मानली), फीडबॅक कसा कमी केला, चाचणीचा क्रम आणि किती संच झाले हे सगळं लिहा, आणि निकाल त्या मांडणीपुरताच नोंदवा. उदाहरणार्थ: "सरळ साखळी, दोन पर्याय आणि एकत्रित चाचणी या मांडणीत सममिती दिसली, संक्रामकता दिसली नाही. पुढील टप्प्यात तीन पर्याय आणि अनेकांवरून एक ही रचना वापरून पुन्हा तपासावे." पुढचा शिक्षक हे वाचून लगेच कामाला लागू शकतो.